लोकप्रिय गाण्यांतला समलैंगिकद्वेष: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाणी ऐकणाऱ्या, गाणाऱ्या आणि गाण्यांवरून भांडणाऱ्या लोकांनी गेल्या काही वर्षांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, त्यांची ही उत्तरं. काही प्रश्न खऱ्या कुतूहलाचे होते, काही उत्तर आधीच ठरवून विचारलेले. दोन्हींना जागा दिली आहे. शिव्यांचे मूळ शब्द मुद्दाम लिहिलेले नाहीत. त्यांच्यावाचून काही अडत नाही.

गाण्यातला समलैंगिकद्वेष म्हणजे नेमकं काय?

चार वेगळ्या गोष्टींना आपण हे एकच नाव देतो आणि तिथेच घोळ सुरू होतो. पहिली गोष्ट म्हणजे उघड धमकी: अशा माणसाला मारा, जाळा, गोळी घाला. दुसरी शिवी: समलैंगिक पुरुषासाठीचा हलका शब्द प्रतिस्पर्ध्याच्या तोंडावर फेकायचा. तिसरी टिंगल: लचकत चालणारा, बारीक आवाजात बोलणारा कोणीतरी हशा पिकवायला मध्येच आणून सोडायचा. चौथी ऐकूच येत नाही: गायकाला स्वतःच्या प्रेमगीतात 'तो'च्या जागी 'ती' लिहावं लागणं.

पहिलीचा निषेध करायला फारसं धैर्य लागत नाही. चौथीविरुद्ध मात्र मोर्चा निघत नाही, कारण पुरावा म्हणून वाजवून दाखवायला काही नसतंच. माझ्या मते सगळ्यात जास्त माणसं तिनेच गिळली. जाता जाता एक गंमत. इंग्रजीत गाणाऱ्याला 'यू' म्हणून वेळ मारून नेता येते, अख्खं गाणं संपलं तरी ते कोणासाठी होतं ते कळत नाही. मराठीत ती सोय नाही. 'तू आलास' की 'तू आलीस', क्रियापदच सगळं फोडून टाकतं.

पण ती शिवी समलैंगिकांना उद्देशून नसतेच. तिचा अर्थ 'भित्रा', 'फालतू' एवढाच असतो ना?

हा बचाव सगळ्यात जुना आहे आणि तो खोटा आहे असंही म्हणता येत नाही. शिवी देणाऱ्याच्या डोक्यात त्या क्षणी कोणी समलैंगिक माणूस नसतो हे मला मान्य आहे. आपल्याकडे एखाद्याला 'बायल्या' म्हणणाऱ्याच्या डोक्यात तरी कुठे कोणती बाई असते? पण त्या शब्दाने समोरच्याला झोंबतं, ते बाईपण कमी प्रतीचं हे दोघांनीही आधीच मान्य केलेलं असतं म्हणून. नाणं चालतं याचा अर्थ त्यामागे साठा आहे. समलैंगिक माणूस तुच्छ ही समजूत तो साठा.

शब्दाचा परिणाम प्रयोगांतही तपासला गेला आहे. फाबिओ फासोली आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात काही जणांना समलैंगिक पुरुषांसाठीची शिवी दाखवली गेली, काहींना साधा वर्णनात्मक शब्द. शिवी पाहिलेल्यांच्या मनात समलैंगिक पुरुषाचं माणूसपण थोडं उणावलं आणि त्याच्यापासून त्यांनी शारीरिक अंतरही जास्त राखलं. यातली शिवी नुसती पडद्यावर येऊन गेली होती. ठेक्यात, दिवसातून वीस वेळा, मित्रांबरोबर ओरडून म्हटली जाणारी शिवी ही आणखी पुढची गोष्ट.

पूर्वीची गाणी तरी स्वच्छ होती का?

स्वच्छ नव्हती, पण आपल्याला वाटतं तेवढी बंदिस्तही नव्हती. १९२० च्या सुमारास बर्लिनमध्ये समलैंगिकांच्या अभिमानाचं गाणं उघडपणे गायलं जात होतं. अमेरिकेत ब्लूज गायिका मा रेनी हिने १९२८ साली एक रेकॉर्ड काढली. त्यात ती पुरुषी कपडे घालून बायकांच्या मागे फिरते आणि ऐकणाऱ्याला म्हणते, सिद्ध करून दाखवा. पुढे दारं मिटत गेली. १९५५ साली लिटल रिचर्डचं जे गाणं रॉक अँड रोलच्या पायाच्या दगडांपैकी एक ठरलं, त्याचे मूळ शब्द समलिंगी संभोगावरचे, चांगलेच चावट होते. स्टुडिओत डोरोथी लाबोस्त्री या गीतलेखिकेला बोलावून ते बदलून घेतले गेले. जगाला मिळाली ती धुऊन काढलेली आवृत्ती. खुद्द रिचर्ड पुढे आयुष्यभर कधी स्वतःला समलैंगिक म्हणत राहिला, कधी धर्माच्या नावाने ते नाकारत राहिला.

डिस्कोच्या रेकॉर्ड जाळण्याची ती रात्र काय होती?

१२ जुलै १९७९, शिकागोचं कॉमिस्की पार्क मैदान. बेसबॉलचे लागोपाठ दोन सामने होते. स्टीव्ह डाल नावाच्या रेडिओ निवेदकाने जाहीर केलं होतं की डिस्कोची रेकॉर्ड आणा आणि ९८ सेंटमध्ये आत या. सुमारे पन्नास हजार लोक आले. पहिला सामना संपल्यावर मैदानाच्या मधोमध पेटीभर रेकॉर्ड स्फोटकं लावून उडवल्या. मग हजारो लोक मैदानात घुसले. खेळपट्टी इतकी खराब झाली की दुसरा सामना होऊच शकला नाही आणि यजमान संघाला तो सोडून द्यावा लागला.

डालचं म्हणणं कायम हेच राहिलं की ही नुसती गंमत होती, संगीताच्या आवडीनिवडीचा प्रश्न होता. त्याच्यापुरतं ते खरंही असेल. पण डिस्को जन्मलं आणि वाढलं कुठे? कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि समलैंगिक लोकांच्या क्लबांत. त्याची ओळखच तशी होती. त्या दिवशी मैदानावर विन्स लॉरेन्स नावाचा एक कृष्णवर्णीय मुलगा प्रेक्षकांना जागा दाखवायचं काम करत होता. त्याने पुढे सांगितलं की लोक आणत होते त्या सगळ्या रेकॉर्ड डिस्कोच्या नव्हत्या. सोल, फंक, कृष्णवर्णीय गायकांचं जे हाताला लागेल ते त्या ढिगात होतं. पेटवणाऱ्यांना दोन्हींत फरक दिसत नव्हता, किंवा दिसण्याची गरज वाटत नव्हती.

मला ही रात्र महत्त्वाची वाटते, कारण तिच्यात एकही शिवीचं गाणं नाही. संगीताचा एक अख्खा प्रकार 'तसल्यांचा' ठरवून नकोसा केला गेला. त्याच शहरात फ्रँकी नकल्स हा डीजे १९७७ पासून वेअरहाऊस नावाच्या क्लबमध्ये रेकॉर्ड वाजवत होता आणि तिथे येणारे बहुतेक कृष्णवर्णीय समलैंगिक होते. त्या क्लबाच्या नावावरूनच पुढे 'हाऊस' संगीत आलं. विन्स लॉरेन्सही त्याच संगीताच्या पहिल्या फळीतला एक झाला.

हा विषय निघाला की जमैकाचंच नाव का येतं?

कारण तिथल्या डान्सहॉल संगीतात धमकी अगदी उघड होती आणि ती गाणी जगभर गेली. यातलं सगळ्यात गाजलेलं गाणं बुजू बँटनचं. त्याने ते किशोरवयात लिहिलं आणि १९९२ साली ते बाहेर पडलं. समलैंगिकांना गोळ्या घालण्याची भाषा त्यात आहे. ठेका असा की पाय थांबत नाहीत, आणि तीच सगळी पंचाईत.

पण द्वेष डान्सहॉलने आणला असं म्हणणं म्हणजे कायदा आणि चर्च यांना मोकळं सोडणं. पुरुषांमधल्या संभोगाला दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगणारा कायदा जमैकात १८६४ सालचा आहे, म्हणजे ब्रिटिश राजवटीतला. गायक त्याच घरात वाढलेले. त्यांनी घरातलंच ऐकलेलं ठेक्यावर चढवलं.

तरीही गाण्याने स्वतःचं असं काहीतरी केलंच. दोन प्रसंग सांगतो. पहिला राजकारणातला. २००१ साली एका पोटनिवडणुकीत विरोधी जमैका लेबर पार्टीने टी. ओ. के. या गटाचं समलैंगिकांना जाळण्याची भाषा करणारं गाणं प्रचारात वाजवलं, रोख होता पंतप्रधानांकडे. सत्ताधाऱ्यांनी त्याचा निषेध केला का? २००२ च्या निवडणुकीत त्यांनी जी घोषणा घेतली ती दुसऱ्या एका तशाच गाण्याच्या शब्दांवर बेतलेली होती. मतं मागायला दोन्ही पक्षांना तोच ठेका सोयीचा वाटला.

दुसरा प्रसंग ९ जून २००४ चा. जे-फ्लॅग ही जमैकातली समलैंगिक हक्कांची संघटना, १९९८ साली सुरू झालेली. तिच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या ब्रायन विल्यमसनचा किंग्स्टनमध्ये त्याच्या घरात भोसकून खून झाला. पोलिसांनी तो चोरीतून झाल्याचं सांगितलं. पण ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेची संशोधक थोड्याच वेळात तिथे पोचली, तेव्हा घराबाहेर गर्दी जमलेली होती, लोक हसत होते, आणि बँटनच्या त्या गाण्यातले शब्द म्हणत होते.

गाण्याने खून केला नाही. पण खुनानंतर दारात उभं राहून काय म्हणायचं, हे गर्दीला शोधावं लागलं नाही. सगळ्यांना पाठ होतं, सगळ्यांना एका सुरात येत होतं. गाण्याचा समाजावर काय परिणाम होतो असं कोणी विचारलं की मला आधी ते दार आठवतं.

मग परदेशातून टाकलेल्या दबावाने काही साधलं का?

काही साधलं, काही बिघडलं. ब्रिटनमध्ये पीटर टॅचेल यांची आउटरेज ही संघटना, जे-फ्लॅग आणि कृष्णवर्णीय समलैंगिकांचा एक गट यांनी मिळून या गाण्यांविरुद्ध मोहीम चालवली. कार्यक्रम रद्द झाले, पुरस्कारांची नामांकनं मागे घेतली गेली, प्रायोजक बिचकले. २००७ साली बीनी मॅन, सिझला आणि केपलटन यांनी अशी गाणी न गाण्याच्या करारावर सह्या केल्याचं जाहीर झालं. त्यानंतर बीनी मॅनने सही केलीच नाही असंही म्हटलं. युरोपात एक बोलायचं, घरी परतल्यावर दुसरं, हे पुष्कळ चाललं.

जमैकात याची उलटी प्रतिक्रियाही उमटली. ज्यांनी कायदा लादला तेच आता नीती शिकवायला आले, अशी ती भावना होती आणि तिच्यात तथ्य होतं. तिथल्या विद्यापीठातल्या कॅरोलिन कूपर यांनी मांडलं की डान्सहॉलमधली बंदूक ही बरेचदा शब्दांची बंदूक असते. ती अतिशयोक्तीची लोककला आहे, बाहेरचे तिचा शब्दशः अर्थ लावतात. मला हा मुद्दा अर्धा पटतो. डान्सहॉलमध्ये प्रतिस्पर्धी गायकालाही रोज गोळ्या घातल्या जातात आणि तो दुसऱ्या दिवशी मजेत गातो. फरक एवढाच की विल्यमसनसारख्यांना उलट गाऊन उत्तर द्यायला तो मंच नव्हता.

रॅप सगळ्यात वाईट आहे असं म्हणायचं का?

रॅप सगळ्यात मोठ्याने बोलतं, म्हणून सगळ्यात आधी पकडलं जातं. १९८८ साली गन्स अँड रोझेस या रॉक बँडने एकाच गाण्यात कृष्णवर्णीय, स्थलांतरित आणि समलैंगिक अशा तिघांनाही झोडपलं होतं. २०१८ साली त्या काळातल्या गाण्यांचा मोठा संच पुन्हा काढताना त्यांनी ते गाणं वगळलं. हेवी मेटलमध्ये तर मजाच आहे. कातडी जाकिटं, खिळे, साखळ्या हा त्या संगीताचा मर्दानी गणवेश रूढ केला तो मुख्यतः ज्यूडास प्रीस्टचा गायक रॉब हॅलफोर्डने. १९९८ साली त्याने आपण समलैंगिक असल्याचं जाहीर केलं. तोवर कित्येक चाहते तोच गणवेश घालून 'तसल्यां'ची टर उडवत असणार.

रॅपमध्ये द्वेष होता आणि आहे. एमिनेमचा २००० सालचा अल्बम त्यासाठी कुप्रसिद्ध झाला. पण बदलही तिथेच डोळ्यांदेखत झाला. जुलै २०१२ मध्ये फ्रँक ओशनने इंटरनेटवर एक पत्र टाकलं. त्यात त्याचं पहिलं प्रेम एका मुलावर होतं असं होतं. काही दिवसांत अल्बम आला आणि अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या यादीत थेट दुसऱ्या क्रमांकावर गेला. २०१७ साली जे-झीने आपल्या आईच्या समलैंगिक असण्याबद्दल गायलं आणि शेवटी तिचाच आवाज ऐकवला. ३० जून २०१९ ला लिल नॅस एक्सने स्वतःबद्दल सांगितलं, तेव्हा त्याचं गाणं पहिल्या क्रमांकावर होतं. ते तिथे एकूण १९ आठवडे टिकलं, तोवरचा तो विक्रम होता. त्याच्या वीस वर्षं आधी अशा कबुलीनंतर करिअर संपेल असं कोणत्याही मॅनेजरने डोळे मिटून सांगितलं असतं.

टायलर द क्रिएटरचं काय करायचं हे मला अजून नीट कळलेलं नाही. २०११ च्या अल्बममध्ये तीच शिवी शेकड्याने, आणि २०१७ च्या अल्बममध्ये मुलांची चुंबनं घेतल्याचा उल्लेख. पहिली गाणी द्वेषाची होती, की बंद दारामागून मारलेल्या लाथा? कदाचित दोन्ही.

गायक स्वतः बोलत नाही, पात्र बोलतंय. मग आक्षेप कसला?

कधी कधी हे अगदी खरं असतं. डायर स्ट्रेट्स या बँडच्या १९८५ च्या गाण्यात शिवी आहे, पण बोलणारा माणूस घरगुती उपकरणांच्या दुकानातला कामगार आहे. टीव्हीवरच्या रॉकस्टारकडे बघून तो जळफळतो. बँडचा गायक मार्क नॉफ्लर याने तसा माणूस न्यूयॉर्कमधल्या एका दुकानात प्रत्यक्ष बोलताना ऐकला होता. म्हणजे टिंगल होते आहे ती त्या कामगाराची. तरी न्यूफाउंडलंडमधल्या एका श्रोत्याने तक्रार केली आणि जानेवारी २०११ मध्ये कॅनडाच्या प्रसारण मानक परिषदेने मूळ आवृत्ती खासगी रेडिओवर नको असा निर्णय दिला. गदारोळ झाला, फेरविचार झाला आणि ऑगस्टमध्ये परिषदेने सांगितलं की शब्द वाईटच आहे, पण वाजवायचं की नाही ते केंद्रांनी ठरवावं.

मी पात्राचा बचाव ऐकला की एकच पाहतो: गाण्यात त्या पात्राबाहेर उभं राहायला जागा आहे का? कामगाराच्या गाण्यात ती आहे. पहिल्या कडव्यातच आपण त्याला ओळखतो. मात्र गाणाराच नायक, त्याचाच विजय, त्याचाच ठेका, आणि टीका झाली की मागाहून 'ते पात्र होतं', ही पळवाट आहे.

मुलींच्या चुंबनाची गाणी तर डोक्यावर घेतली जातात. म्हणजे लेस्बियनना स्वीकारलंच ना?

रशियाच्या टाटू या जोडीचं उदाहरण पुरेसं आहे. २००२ साली दोन शाळकरी पोशाखातल्या मुली पावसात चुंबन घेतात असा व्हिडिओ, जगभर हिट. त्या एकमेकींच्या प्रेयसी नव्हत्या, ती निर्मात्याची कल्पना होती आणि कॅमेरा कोणाच्या डोळ्यांनी बघत होता हे वेगळं सांगायला नको. २०१३ साली रशियाने अल्पवयीनांसमोर समलैंगिकतेच्या 'प्रचारा'वर बंदी घातली. फेब्रुवारी २०१४ मध्ये सोचीच्या हिवाळी ऑलिम्पिकच्या उद्घाटनाआधी कोण गायलं? टाटू. आणि त्याच वर्षी दोघींपैकी एकीने टीव्हीवर सांगितलं की आपला मुलगा समलैंगिक निघाला तर ते आपल्याला मान्य होणार नाही.

ऐकणाऱ्या समलैंगिक माणसावर याचा काय परिणाम होतो?

मानसशास्त्रात यासाठी 'अल्पसंख्याकांचा ताण' अशी कल्पना आहे. इलान मायर यांनी २००३ साली तिची सविस्तर मांडणी केली. प्रत्यक्ष मारहाण किंवा अपमान हा त्या ताणाचा एक भाग. बाकीचा ताण काहीही न घडता साचत राहतो: आता काहीतरी होईल ही धास्ती, लपवत राहण्याची मेहनत, आणि बाहेरचं ऐकून ऐकून स्वतःबद्दल वाटायला लागलेली घृणा. गाणी या बाकीच्या तिन्हींना खतपाणी घालतात.

एका पार्टीतली गोष्ट. ओळखीतला एक मुलगा, त्याला सगळी गाणी शब्दन् शब्द पाठ. तो गात होता, नाचत होता. एका इंग्रजी गाण्यात ती ओळ आली आणि सगळे आणखी मोठ्याने ओरडले, अशा ओळींना ओरडतातच. तो बुटाची लेस बांधायला खाली वाकला. ओळ संपल्यावर उठला आणि पुन्हा गाऊ लागला. कित्येक वर्षांनी त्याने स्वतःबद्दल सांगितलं तेव्हा मला ती रात्र आठवली, आणि हेही आठवलं की त्याच्या बुटांना लेस नव्हती. ओरडणाऱ्यांत मीही होतो.

पुस्तकातली शिवी माणूस एकटा वाचतो. गाण्यातली शिवी तुमच्याच मित्रांच्या तोंडून येते, तीही आनंदाच्या भरात, आणि तुम्ही ती म्हणावी अशी अपेक्षा असते. न म्हणणाराच लक्षात येतो.

गाणाऱ्यांनाही हे चुकलेलं नाही. १९८४ साली क्वीन या ब्रिटिश बँडने बायकांचे कपडे घालून एक व्हिडिओ केला. ब्रिटनमध्ये लोक हसले, अमेरिकेत तो खपला नाही आणि त्याने आपलं तिथे नुकसान झालं असं बँडचे गिटारवादक ब्रायन मे यांनी पुढे सांगितलं. बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याने आपल्याला एड्स असल्याचं २३ नोव्हेंबर १९९१ ला जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी तो गेला.

अशी गाणी ऐकून लोक हिंसक होतात हे सिद्ध झालंय का?

'हे गाणं ऐकलं म्हणून हा हल्ला झाला' असं सिद्ध करता येत नाही, आणि तसं ठासून सांगणाऱ्यांनी या चळवळीचं भलं केलेलं नाही. जमैकात कीऑन वेस्ट आणि नोएल काउवेल यांनी मोठ्या सर्वेक्षणाच्या आधारे २०१५ साली जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात धार्मिकता, शिक्षण, उत्पन्न, पुरुष असणं आणि डान्सहॉल ऐकणं या सगळ्यांचा समलैंगिकविरोधी मतांशी संबंध दिसला. संबंध, कारण नव्हे. आधीच द्वेष करणारा माणूस तसली गाणी निवडत असेल, हेही शक्य आहे. गाणं द्वेष शिकवतं त्यापेक्षा आधीच असलेल्या द्वेषाला चाल लावतं, असं मला वाटतं. चाल लागली की तो लक्षात राहतो आणि चारचौघांत म्हणता येतो.

बंदी घालावी का?

थेट हिंसेची चिथावणी असेल तर प्रत्येक देशाचा कायदा आहेच, तो वापरावा. त्यापलीकडे बंदीवर माझा विश्वास नाही. बंदीची हत्यारं ज्यांच्या हातात असतात ते ती आधी समलैंगिकांच्याच गाण्यांवर चालवतात. रशियाचं उदाहरण वर आलंच. आयोजकाने कार्यक्रम न देणं, रेडिओने न वाजवणं, श्रोत्याने पैसे न मोजणं ही मात्र बंदी नव्हे. ती निवड आहे, आणि गायकाला गाण्याचं स्वातंत्र्य आहे तसं त्यांना नको म्हणण्याचं.

गायकाने माफी मागितली की विषय संपला?

माफी कधी आली आणि तिच्यामागे काय केलं, यावर. बीस्टी बॉइज या रॅप गटाने १९८६ च्या पहिल्या अल्बमला समलैंगिकांची शिवी असलेलं नाव द्यायचं ठरवलं होतं, कंपनीने ते होऊ दिलं नाही. १९९९ साली त्यांच्यातल्या अ‍ॅड-रॉकने न्यूयॉर्कच्या एका मासिकाला पत्र लिहून जुन्या शब्दांबद्दल समलैंगिकांची माफी मागितली. कोणी मागे लागलेलं नव्हतं. बुजू बँटनने २०१९ साली आपल्या ताब्यातल्या सगळ्या ठिकाणांहून ते गाणं काढल्याचं सांगितलं आणि त्याने लोकांना दुखावल्याचं मान्य केलं. सत्तावीस वर्षं लागली, पण गाणं काढलं.

उलट बाजूला जुलै २०२१. मायामीतल्या एका महोत्सवात रॅपर डाबेबी मंचावरून समलैंगिकांबद्दल आणि एचआयव्हीबाधितांबद्दल बरळला. महोत्सवांनी एकामागून एक त्याचे कार्यक्रम रद्द केले तशी माफी आली, मग ती इंटरनेटवरून पुसलीही गेली. महिनाभरात एका बड्या कलाकाराने त्याला शिकागोत आपल्या मंचावर आणून उभं केलं.

एमिनेमचं गणित निराळंच. २१ फेब्रुवारी २००१ ला ग्रॅमी समारंभात बाहेर निदर्शनं चालू असताना स्वतः समलैंगिक असलेला गायक एल्टन जॉन त्याच्याबरोबर गायला. काहींना ती गद्दारी वाटली. पुढे दोघांची पक्की मैत्री झाली. तरी २०१८ साली एमिनेमने पुन्हा तीच शिवी वापरली, आणि नंतर आपण हद्द ओलांडली असं मान्य केलं. समलैंगिक मित्र असला म्हणून जीभ सुधारते असं नाही.

उलटा परिणामही होतो का, म्हणजे गाण्याने मतं बदलतात?

वातावरण नक्की बदलतं. २०१७ साली ऑस्ट्रेलियात समलिंगी विवाहाबद्दल टपालाने कौल घेतला जात असताना रग्बी लीगच्या अंतिम सामन्यात मॅकलमोर या अमेरिकन रॅपरने समलिंगी विवाहाच्या बाजूचं आपलं गाणं गाऊ नये म्हणून राजकारण्यांनी आरडाओरडा केला. त्याने गायलं. त्या गडबडीत गाणं पाच वर्षांनी पुन्हा तिथल्या यादीत वर गेलं. कौलात ६१.६ टक्के लोक 'हो' म्हणाले. ते गाण्यामुळे झालं असं मी म्हणणार नाही. आणि मॅकलमोर स्वतः समलैंगिक नाही, ज्यांनी हेच आधी जीव मुठीत धरून गायलं त्यांना ती यादी दिसलीसुद्धा नाही, ही तक्रारही रास्त आहे.

माझी मुलं असली गाणी ऐकतात. हिसकावून घेऊ?

नको. ती ओळ म्हणजे काय, हे त्यांना विचारा आणि गप्प राहा. बहुतेक मुलांना अर्थ माहीत नसतो किंवा सांगताना लाज वाटते. आणि हे विचारताना लक्षात असू द्या, समोर बसलेलं मूलच कदाचित बुटाची लेस बांधायला वाकणारं असेल. म्हणून आवाज तक्रारीचा नको.

आमचा छोटा बँड आहे. गाणं सुंदर आहे, एक ओळ अडते. काय करावं?

ओळ बदला. 'मूळ कलाकृतीला हात लावायचा नाही' हे तत्त्व निदान या बाबतीत मूळ कलाकारांनीच पाळलेलं नाही. नॉफ्लर स्वतः कार्यक्रमांत तो शब्द बदलून गायचा. द पोग्ज आणि कर्स्टी मॅकॉल यांचं नाताळचं जे गाणं आहे, त्यात एक दारुडा आणि त्याची बाई भांडतात आणि ती त्याला ही शिवी देते. २००७ साली बीबीसीच्या रेडिओ १ ने शब्द पुसला आणि ओरड होताच त्याच दिवशी परत आणला. २०२० मध्ये रेडिओ १ ने वेगळ्या शब्दांची ओळ वाजवायला घेतली, तेव्हा पुन्हा 'कलेचा खून' वगैरे झालंच. ती वेगळी ओळ कोणा अधिकाऱ्याने घुसडलेली नव्हती. मॅकॉलने १९९२ साली टीव्हीवर तीच गायली होती. यमक जुळतं, मीटर बसतं, भांडणही तितकंच रंगतं.